पद्मिनीला लांबी भरताना

भाच्याच्या हातातलं खोकं बघूनच ओळखलं, आज जेवायला उशीर होणार.

तो घोडबंदर रोडला राहतो, सत्ताविसाव्या मजल्यावर. हॉलमध्ये काचेचं कपाट, आत बारीक दिवे आणि दिव्यांखाली एकवीस मोटारी. सगळ्या १:१८ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाच्या, आणि सगळ्या परदेशातून तयार होऊन आलेल्या. खोक्यात बाविसावी होती. काळी, जर्मन, दारं-डिकी-बॉनेट सगळं उघडणारी, साडेनऊ हजारांची. तिचा डावा आरसा प्रवासात तुटून थर्माकोलमध्ये अडकून बसला होता.

"मामा, तुझ्याकडे ते गम-बिम असतं ना? एवढा चिकटवून दे."

मी तेव्हा डायनिंग टेबलावर रविवारची पुरवणी पसरून प्रीमियर पद्मिनीच्या टपाला लांबी भरत होतो. लांबी म्हणजे पत्रा चेपला की गॅरेजवाले थापतात तीच. माझी पद्मिनी १:२४ ची, म्हणजे साधारण १६ सेंटीमीटर लांब, त्यामुळे थापी म्हणून आइस्क्रीमची काडी पुरते. हे किट, म्हणजे सुटे तुकडे आणून आपणच जोडायची गाडी, देशी आहे. एक मनुष्य घरच्या घरी थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापतो आणि झिपच्या पिशवीत भरून पाठवतो. तेवीस तुकडे आणि झेरॉक्सचा एक कागद. किंमत अठराशे पन्नास.

भाच्याने टप हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "दोन हजार देऊन वर दोन महिने घासतोयस?"

प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. टपावर छपाईच्या थरांच्या रेघा होत्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. एक दार जवळजवळ मिलिमीटरभर आखूड होतं. चार चाकांतलं एक चक्क लंबगोल. आणि मेमध्ये पार्सल फोडलं तेव्हा टप चिकट लागत होता, कारण रेझिन नीट सुकवलेलंच नव्हतं. हे रेझिन अतिनील प्रकाशात कडक होतं. त्याची पेटी माझ्याकडे नाही, म्हणून गॅलरीत कुरडयांच्या शेजारी ताटलीत ठेवून दोन दिवस उन्हं दिली. चिकटपणा गेला, पण टप वाकला. मग गरम पाण्यात बुडवून, मऊ झाल्यावर सरळ दाबून, लगेच गार पाण्यात. हे सगळं ज्या पातेल्यात केलं ते पातेलं आता स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार आहे. "अहो, आता त्यात मी चहा करायचा का?" या वाक्यानंतर वाद घालण्यात अर्थ नसतो. शिवाय तिचं बरोबर होतं, रेझिन पोटात जाण्याची वस्तू नव्हे.

तर आरसा. तो नुसता वरून चिकटला नसता. त्याचा खुंटा दाराच्या आत मोडला होता, म्हणजे गाडी उघडणं आलं. भाचा जरा पांढरा पडला. मी तळाचे चार स्क्रू काढले आणि बॉडी उचलली.

मी अठ्ठावीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर १६ ला, टूलरूममध्ये काढली आहेत. प्लास्टिकच्या वस्तूंच्या डाय, म्हणजे त्यांचे साचे, बनवायचो. मिक्सरच्या बॉड्या, स्विचबोर्डं, शेवटी शेवटी मोटारींच्या डॅशबोर्डचे तुकडे. आता तिथे काचेचा आयटी पार्क आहे आणि माझ्या मिलिंग मशीनच्या जागी बहुतेक कॉफीचं मशीन असावं. पण प्लास्टिकचा कुठलाही तुकडा हातात आला की माझा अंगठा आपोआप त्याची जोडरेघ शोधतो, साच्याची दोन अर्धी जिथे मिटली ती. जेवणाच्या डब्याचीही शोधतो. जुनी खोड.

तर त्या साडेनऊ हजारांच्या गाडीच्या पोटात काय दिसलं? डॅशबोर्ड उजवीकडे नीट बसलेला, डावीकडे दीड-दोन मिलिमीटरची फट, आणि ती फट गमाच्या गोळ्याने बुजवलेली. काचेचे खुंटे गरम सळईने वितळवून दाबलेले. मागच्या बंपरच्या आत प्लास्टिकची एक छोटी पाचर, बंपर बाहेरून सरळ दिसावा म्हणून. दाराच्या कडेला रंगाखाली कानस मारल्याच्या खुणा.

मला हसू आलं. भाच्याला वाटलं मी त्याच्या गाडीला हसतोय. तसं नव्हतं, मला आमची असेंब्ली लाइन आठवली. कळव्याहून, मुंब्र्याहून बायका यायच्या. झाकण बॉडीवर बसत नसलं की सुपरवायझर लांबून ओरडायचा, "बसव गं!" आणि ती बसवायची. अंगठ्याने, हातोडीच्या दांड्याने, वेळ पडली तर कानशीने. पेटी बंद झाली की आतलं कोणाला दिसतंय? ही जर्मन गाडीही अशीच कोणीतरी चीनमधल्या एखाद्या लाइनवर बसून बसवलेली होती. तयार गाडी म्हणजे दुसऱ्याने आधीच जोडून दिलेलं किट.

भाच्याला त्या दिवशी मी जे अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहितो, कारण या छंदात नवी आलेली पोरंही हाच प्रश्न विचारतात. आपल्याकडे खेळण्यातल्या तयार गाड्या बनतात, मग किटं चांगली का बनत नाहीत? किट तर सोपं असायला हवं. जोडायची मजुरी वाचली, नुसते तुकडे पिशवीत भरायचे.

उलटं आहे. किटला तयार गाडीपेक्षा जास्त चांगली डाय लागते.

तयार गाडीत दोन तुकड्यांत पाव मिलिमीटरची चूक असली तरी लाइनवरची बाई ती गिळते. किट मात्र ज्याच्या हातात पडणार तो असतो आठवीतला मुलगा किंवा निवृत्त बँकवाला. त्याच्या हातात नेलकटर, जवळ गमाची ट्यूब, आणि "बसव गं" म्हणणारं कोणी नाही. तिथे तुकडा पहिल्या झटक्यात बसायला हवा. म्हणजे डायमध्ये ०.०५ मिलिमीटरच्या आत काम हवं, आणि तेही एका पोकळीत नव्हे, एका फ्रेमवरच्या, म्हणजे तुकडे ज्या चौकटीला लटकून येतात तिच्यावरच्या, तीस-चाळीस पोकळ्यांत एकाच वेळी. किटांचं प्लास्टिक, पॉलिस्टायरीन, गार होताना अर्धा टक्का आक्रसतं, जाड ठिकाणी जास्त, पातळ ठिकाणी कमी. तो हिशेब आधी धरावा लागतो. मग कोअर आणि कॅव्हिटीला, म्हणजे डायच्या दोन अर्ध्यांना, निळा रंग लावून, दाबून, उघडून, जिथे डाग उमटेल तिथे घासायचं. पुन्हा निळं, पुन्हा दाबायचं. दोन अर्धी नीट मिटली नाहीत की फटीतून प्लास्टिक बाहेर येतं आणि तुकड्याला कडेने कागदासारखी झालर लागते. तिला फ्लॅश म्हणतात. लहानपणी ज्यांनी जत्रेतल्या प्लास्टिकच्या मोटारी घेतल्या त्यांच्या बोटांना ही झालर चांगली माहीत असेल.

आता पैसा. मॉडेल गाडीच्या चार फ्रेम्सची चांगल्या स्टीलची डाय आजच्या भावाने माझ्या अंदाजाने वीस लाखांच्या खाली होणार नाही. पुलबॅकची, म्हणजे मागे ओढून सोडली की पळणारी, खेळण्यातली गाडी दोन लाख नग खपते, म्हणजे डायचा खर्च नगामागे दहा रुपये. पद्मिनीचं किट घेणारे देशभरात किती असतील? दोन हजार मिळाले तर देव पावला. म्हणजे नगामागे हजार रुपये नुसते डायचे. प्लास्टिक, डबा, कागद, दुकानदाराचा वाटा सगळं त्यापुढे.

म्हणून आपल्याकडे सेंटीसारख्या कंपन्या रिक्षा, अँबॅसिडर, बसगाड्या तयारच विकतात आणि त्यात काही चूक नाही. आमच्यातले कित्येकजण त्याच घेतात, सुट्या करतात, रंग खरवडतात आणि त्यांची लाल एसटी करतात. आणि ज्यांना किटच काढायचं आहे ते डायच्या वाटेलाच जात नाहीत. ते एक तर प्रिंटरवर छापतात, नाहीतर लेझरने एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, कापतात. दोन्हींत डाय नाही, पन्नास नग काढले तरी परवडतं. माझ्या टपावरच्या त्या पापुद्र्यांचं मूळ हे असं आहे.

जपानी टामियाचं उदाहरण मी नेहमी देतो, आणि भाचा नेहमी डोळे फिरवतो. शिझुओकाची ही कंपनी मुळात लाकूड व्यवसायातली. लाकडी मॉडेलं करायची, १९६० मध्ये प्लास्टिककडे वळली. पहिलं किट एका युद्धनौकेचं, ते काही चाललं नाही. नंतर पँथर रणगाडा केला, त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात म्हणून जो आकार धरला त्याचं माप नंतर १:३५ निघालं, आणि आज जगभर रणगाड्यांची मॉडेलं १:३५ मध्ये होतात. बॅटरीच्या हिशेबाने माप ठरलं! आणि पुढे १९७६ मध्ये एका पोर्शेचं १:१२ मापाचं किट काढताना यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि नटबोल्टपर्यंत सुटी केली. मी त्यांची तीन किटं जोडली आहेत. फ्रेमवरून तुकडा कापला, खाचेत ठेवला की 'टक्' होतं. अठ्ठावीस वर्षांत मी स्वतः केलेल्या डायपैकी असं 'टक्' फार तर चार-पाचांत ऐकलं असेन. इथे देशाभिमान बाजूला ठेवावाच लागतो.

पण ते किट इथे येईपर्यंत नाकापेक्षा मोती जड होतो. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर, वर जीएसटी. कस्टम्सच्या लेखी माझं पाचशे तुकड्यांचं मॉडेल आणि बाळाचा खुळखुळा एकाच घरातले, ९५०३ क्रमांकाच्या. स्केल मॉडेल असा शब्दच त्या नोंदीत आहे. शिवाय २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं झालं. स्वस्त, विषारी रंगाची खेळणी अडली हे चांगलंच झालं, पण मोठ्यांच्या छंदाचं सामान आणणारे छोटे दुकानदारही त्या धास्तीने हात आखडता घेऊ लागले.

गंमत अशी की खऱ्या मोटारीचे तुकडे सुटे आणून इथे जोडले तर ड्युटी पूर्ण गाडीपेक्षा कितीतरी कमी. खेळण्यातल्या गाडीला ती सवलत नाही, सुटी आणा नाहीतर जोडलेली आणा, दर एकच. आणि हा सुट्याचा प्रकार आपल्या मुंबईला काही नवा नाही. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून गाड्या बाहेर काढत होती. कुर्ल्याच्या प्रीमियरनेही सुरुवात तशीच केली, आधी अमेरिकन गाड्या, मग फियाट. १९५३ मध्ये सरकारने सांगितलं की नुसतं जोडणं पुरे झालं, भाग इथेच बनवा नाहीतर दुकान बंद करा. जनरल मोटर्स निघून गेली. प्रीमियर थांबली, एकेक भाग इथे करत गेली आणि त्या फियाटची पुढे पद्मिनी झाली. म्हणजे माझ्या टेबलावर जिचं किट पडलं आहे ती मूळची किटातूनच आलेली.

पद्मिनीच का, हेही सांगून टाकतो. माझ्या मुलीला मुलुंडच्या दवाखान्यातून घरी आणली ती काळ्यापिवळ्या पद्मिनीतून. चेकनाक्यावर टॅक्सीवाला परत जायचे जादा पैसे मागत होता आणि मी पोरीकडे बघत काहीही न बोलता दिले. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली तेव्हा ही आठवण घरात दोनदा निघाली. आता परदेशातला कुठला कारखाना पद्मिनीची डाय कापणार आहे? भाच्याच्या एकवीस गाड्यांत एकही अशी नाही की जिच्यात तो स्वतः बसला आहे. हे मी त्याला बोललो नाही. बोललो असतो तर त्याने ऑफिसची कॅब दाखवली असती.

ज्या माणसाने हे किट छापलं त्याला दार नीट जमलं नाही, चाक गोल जमलं नाही. गिअरचा दांडा त्याने जमिनीतून काढला आहे. माझ्या आठवणीतल्या टॅक्सीत तो स्टिअरिंगला होता, म्हणून मी टाचणी वाकवून नवा केला. पण पिशवीच्या तळाशी एक वेगळी पुडी होती. तीत बाहेरून लावायचा मीटर, चार मिलिमीटरचा, आणि त्याला पाडायची ती पाटीसुद्धा. डाव्या बाजूला, ड्रायव्हर खिडकीतून वाकून, हात बाहेर काढून खाली पाडायचा तो मीटर. तो बघितला आणि त्या माणसाचं लंबगोल चाक मी माफ करून टाकलं. चाक काय, ड्रिल मशीनला लावून कानशीने गोल करता येतं.

एमडीएफच्या किटांबद्दल मात्र माझी इतकी चांगली मतं नाहीत. तीन मिलिमीटरचा म्हणून घेतलेला बोर्ड कधी २.८ भरतो, कधी ३.२. खाचा मात्र नेमक्या तीनच्या. एक ट्रक जोडताना निम्मे तुकडे ढिले आणि निम्मे ठोकावे लागणारे निघाले. ठोकावे लागले की एमडीएफचे पापुद्रे सुटतात. घट्ट खाचेत मेणबत्ती घासली की काम होतं, ढिल्यात फेव्हिकॉल आणि कागदाची पट्टी. पण ठाण्याच्या जुलैत बोर्ड ओल ओढून फुगतो तेव्हा कालपर्यंत फिरणारं चाक आज फिरत नाही. जळलेल्या कडांचा वास आठवडाभर घरात राहतो ते वेगळं. आणि सगळ्यात राग येतो तो मापाचा. विक्रेत्याला विचारलं, "स्केल काय?" उत्तर आलं, "नऊ इंची." अहो, नऊ इंची ट्रक आणि नऊ इंची रिक्षा शेजारी ठेवल्या तर रिक्षा ट्रकला खाऊन टाकेल! डब्यावर १:२४ की १:३२ एवढं लिहायला लेझरही लागत नाही, प्रिंटरही लागत नाही.

त्यामुळे मला कोणी विचारलं तर मी काय सांगतो? नुसती कपाटात लावायची असेल आणि पैसे असतील तर तयार आयात गाडी घ्या, छान दिसते, आयत्या बिळावर नागोबा होण्यात पाप नाही. जोडणं शिकायचं असेल तर पोटाला चिमटा काढून एकदा तरी जपानी किट घ्या, म्हणजे नीट बसणं म्हणजे काय हे बोटांना कळेल. आणि आपल्या रस्त्यावरची गाडी हवी असेल तर देशी किट, पण डबा उघडताना असं समजा की निम्मा माल आलाय आणि उरलेला तुम्ही करायचा आहे. तयार गाडीचं दार आखूड निघालं तर तक्रार करावी लागते, परत पाठवावी लागते, आठ दिवस फोन. माझ्या पद्मिनीचं दार आखूड निघालं तेव्हा मी प्लास्टिकची पट्टी लावली, लांबी भरली, ४०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून घासला, मग ८००, मग १०००. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. टीव्हीवर त्या दोन संध्याकाळी काय लागलं होतं ते मला आठवत नाही.

आरसा तेवढ्यात बसला. मोडलेल्या खुंट्याच्या जागी पिनवाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने, अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून तांब्याची तार घातली. डॅशबोर्डची फट तशीच ठेवली. "ती पण भर ना," भाचा म्हणाला. म्हटलं, तुझी गाडी आहे, तूच भर. आइस्क्रीमची काडी पुढे केली. त्याने हात मागे घेतला.

पण जाताना मी त्याच्या पिशवीत माझ्याकडचं पडून असलेलं एक रिक्षाचं किट टाकलं. छापीलच, अकरा तुकडे. तीन दिवस काही बातमी नाही. चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला फोटो. रिक्षा उभी आहे, थोडी डावीकडे झुकलेली, मालवणच्या बोटीसारखी. आणि पुढची काच पांढरीफटक.

"मामा, हे काय झालं? बुरशी आली का?"

फेव्हिक्विक. सगळ्यांचं पहिल्यांदा हेच होतं, माझंही झालं होतं. त्याची वाफ काचेवर बसते आणि पांढरी होते. पुसून फारसं जात नाही. पारदर्शक भागाला फेव्हिकॉल लावायचा, तो वाळला की दिसत नाही, हे त्याला मी सांगायला विसरलो. की मुद्दाम सांगितलं नाही, हिला विचाराल तर ती दुसरं म्हणेल.

फोन लावला. तो वैतागला होता, पण फोन ठेवायला तयार नव्हता. मागचं चाक कसं बसवलं, कुठला तुकडा उलटा लागला होता, सुटा करताना काय तुटलं, सगळं ऐकवलं. मग विचारलं, रंग कुठला मारू? म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत कुठलाच नाही. या हवेत स्प्रे मारलास तर रंग पांढरट मारेल, दमटपणा आत अडकतो. माझ्या पद्मिनीचा पिवळा टपही तेव्हाच. तोवर घास.

"आणि काच?"

"ती उपटून टाक. घरात नवीन टूथब्रश आहे का? त्याचं पुठ्ठ्यावरचं प्लास्टिक फेकू नकोस. जुनी काच त्यावर ठेवून पेनाने आखून घे, आणि कापताना रेघेच्या बाहेरून काप."

पलीकडे बाथरूमचं कपाट उघडल्याचा आवाज आला.